आघात-लहरींचा उपचार : आशा किती, भुरळ किती?



काही दुखणी घरात पत्नीपाशीही उच्चारली जात नाहीत. संबंधासाठी पुरेसे ताठरपण न येणे किंवा आलेले न टिकणे, ज्यास वैद्यकशास्त्र लिंगशैथिल्य म्हणते, ते त्यांपैकीच एक. रोगी बोलत नाही, म्हणून जाहिरात बोलते. संभोगशक्ती वाढविणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या केंद्रीय अधिनियमाने बंदी आहे. तरीही रेल्वेरुळांलगतच्या भिंती काय सांगतात हे सर्वांस ठाऊक आहे. आता त्यात 'शॉकवेव्ह' म्हणजे आघात-लहरींच्या उपचाराची भर पडली आहे.

हा विजेचा धक्का नव्हे. या दाबाच्या लहरी होत. १९८० साली जर्मनीतील म्युनिक येथे मूतखडा चिरफाडीवाचून फोडण्यासाठी त्या प्रथम माणसावर वापरल्या गेल्या. त्याच लहरी पुष्कळ सौम्य करून इंद्रियावर सोडल्यास नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतील व रक्तपुरवठा सुधारेल, अशी कल्पना पुढे निघाली. इस्रायलमधील हैफा येथील डॉ. योराम वार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली वीस रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. गुण दिसला, परंतु तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता. पुढे काही रुग्णांना लहरींचा केवळ आभास देऊन तुलना करण्यात आली. अशा काही प्रयोगांत लाभ आढळला, काहींत आढळला नाही. २०१८ साली अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा उपचार प्रायोगिकच समजावा, असे मत दिले. युरोपातील संघटना रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे आलेल्या सौम्य शैथिल्यात त्यास वाव देते, पण तीही हातचे राखूनच. मधुमेहाने नसा निकामी झालेल्या रोग्यास खात्रीने बरे करण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यास या प्रयोगांचा आधार नाही.

खरी चिंतेची बाब निराळीच आहे. इंद्रियाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून बारीक असतात. मधुमेह, रक्तदाब व तंबाखू यांमुळे रोहिण्या कोंदू लागल्या की त्याची पहिली खूण पुष्कळदा येथे उमटते. छातीतील कळ काही वर्षांनी येते. रक्त न तपासता जो लहरींच्या खोलीत शिरतो, तो पैसे तर घालवतोच, शिवाय हृदयाने आगाऊ पाठविलेली सूचनाही गमावतो.

१९९८ पासून सिल्डेनाफिल या गोळीचा उपयोग होत आहे व पुष्कळांना तिचा गुण येतो. मात्र हृदयविकारासाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्याने ती घेतल्यास रक्तदाब एकाएकी धोकादायक रीतीने उतरतो. ती दुकानातून परस्पर आणू नये.

रक्तातील साखर व रक्तदाब यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ज्यास फारच संकोच वाटतो, त्याने खिडकीपाशी 'साखर तपासावयाची आहे' एवढेच सांगावे. उरलेले डॉक्टरांच्या खोलीचे दार लागल्यावर बोलता येते.