जुन्या संगणकांची जत्रा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात क्लब हाऊसमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला ‘एका बँक अधिकाऱ्याच्या आठवणी’ असा विषय दिला होता. तो मी जरा बदलून घेतला. कारण आमच्या आठवणी म्हणजे बॅलन्सिंग जुळलं नाही आणि शेवटची लोकल गेली, एवढ्यावरच येऊन थांबतात, आणि त्या तुम्ही सगळ्यांनी लिफ्टमध्ये माझ्याकडून फुकट ऐकलेल्या आहेत.

तर आज एका जत्रेविषयी बोलतो. एप्रिल २०२४ मध्ये आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला होतो. जावई सॉफ्टवेअरमधले. एका शनिवारी म्हणाले, “बाबा, चला, आज तुमच्या काळातली मशिन्स बघू.” मला वाटलं म्युझियम असेल. म्युझियम म्हणजे काचेची कपाटं, पितळी पाट्या आणि दुखणारे गुडघे. सौ. तर घरीच थांबणार होत्या, पण जागा समुद्राजवळ आहे म्हटल्यावर निघाल्या.

त्या जत्रेचं नाव व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल. सेलम इस्माईल नावाच्या हौशी संग्राहकाने १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात प्लेझंटन इथे ती पहिल्यांदा भरवली. पुढे ती इतर ठिकाणीही भरू लागली. जर्मनीत म्युनिकला २००० पासून भरते. आम्ही गेलो ती न्यू जर्सीतल्या वॉल या गावची. जागाही ऐतिहासिक. तिथे आधी मार्कोनी कंपनीचं बिनतारी संदेशांचं केंद्र होतं, मग सैन्याची प्रयोगशाळा झाली. १० जानेवारी १९४६ रोजी तिथून चंद्राकडे रडारचा संदेश सोडला आणि अडीच सेकंदांत त्याचा प्रतिध्वनी परत आला. आता त्या जुन्या बैठ्या इमारतींत स्वयंसेवकांनी चालवलेलं संग्रहालय आहे.

आत गेलो तर खोल्या-खोल्यांतून टेबलं मांडलेली. प्रत्येक टेबलावर एकेकाने आपापल्या घरून गाडीत घालून आणलेला जुना संगणक. आणि सगळे चालू, बरं का! कुठे काच नाही, दोरी नाही. मी आपला सवयीने हात मागे बांधून उभा. एका टेबलामागच्या गृहस्थांनी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, बसा, चालवा. काही बिघडलं तर दुरुस्त करायला आम्ही आहोत.

ते मशीन होतं आल्टेअर ८८००. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकलं होतं. चारशे डॉलरच्या आत सुटे भाग पोस्टाने यायचे आणि ते घरी बसून जोडायचे. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. पुढच्या बाजूला नुसते खटके आणि लाल दिव्यांच्या रांगा. मूळ मेमरी २५६ बाइट. आपल्या मोबाइलमध्ये मराठीचं एकेक चिन्ह साधारण तीन बाइट खातं, तेव्हा या पेटीत जेमतेम पंच्याऐंशी चिन्हं मावली असती. सोसायटीच्या नोटीस बोर्डावरची ‘पाणी येणार नाही’ची सूचना एवढीच. कारण लिहायला जागा नाही. म्हणजे आहे तसंच.

त्या गृहस्थांनी मला बेरीज करायला शिकवली. आठ खटके वर-खाली करून एक आकडा मांडायचा, मग दुसरा एक खटका दाबून तो आत ठेवायचा. असं चौदा वेळा केलं की दोन संख्यांची बेरीज करण्याची आज्ञावली तयार होते. मग त्या दोन संख्या आत घालायच्या, मशीन चालू करायचं, थांबवायचं आणि उत्तर ठेवलेली जागा उघडून बघायची. मी पाच आणि आठ घातले. तीन दिवे लागले. आठाचा, चाराचा आणि एकाचा. तेरा! सौ. म्हणाल्या, “एवढ्यासाठी पाच मिनिटं?” पण मला विचाराल तर, संगणक म्हणजे काय हे मला त्या पाच मिनिटांत जेवढं कळलं तेवढं बँकेच्या तीन ट्रेनिंगमध्ये कळलं नव्हतं. तिथे ‘हे बटण दाबा, हा रिपोर्ट येतो’ एवढंच सांगायचे. इथे आकडा आत कुठे जातो, कुठून उचलला जातो, हे बोटांना कळलं.

याच मशीनसाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोघांनी बेसिक ही भाषा लिहिली आणि त्यातूनच मायक्रोसॉफ्ट उभी राहिली. ॲलन ती दाखवायला विमानाने निघाले, तेव्हा ती पट्टीवरून आत घेणारी छोटी आज्ञावली लिहायचीच राहिली होती. ती त्यांनी विमानात बसून लिहिली आणि तिथे पोचल्यावर अशाच खटक्यांनी आत भरली. गोष्ट आधी वाचलेली होती. खटक्यांवर बोटं ठेवल्यावर छातीत धडधड म्हणजे काय ते समजलं.

शेजारच्या खोलीतून ओळखीचा आवाज आला. धडधडधड, टिंग! टेलिटाइप. सेकंदाला दहा अक्षरं, मशीन ऑइलचा वास, बाजूने कागदाच्या पट्टीला भोकं पडताहेत आणि खाली गोल टिकल्यांचा सडा. आमच्या मुख्य कार्यालयात टेलिप्रिंटर होता. त्याच्या खोलीशेजारी बसणाऱ्याला दुपारी डुलकी लागत नसे. मी त्यावर मराठी नाव इंग्रजी अक्षरांत टाइप केलं आणि तो कागद घडी करून आणला. अजून पाकिटात आहे.

आणखी एक वस्तू सांगितलीच पाहिजे. कोअर मेमरी. १९६५ साली आलेल्या पीडीपी-८ या संगणकात ती होती. लोहचुंबकी पदार्थाच्या मोहरीएवढ्या कड्या आणि त्यांतून उभ्या-आडव्या ओवलेल्या बारीक तारा. प्रत्येक कडी म्हणजे एक होय किंवा नाही. वीज गेली तरी त्यातलं पुसलं जात नाही. या कड्या कारखान्यांतल्या बायका भिंगाखाली हाताने ओवायच्या. सौ.नी भिंगातून पाहिलं आणि त्या म्हणाल्या, “ही तर पोत ओवलीय.” तिथला प्रदर्शक हे वाक्य जावयांकडून तीनदा समजून घेत होता. पोत म्हणजे काय, ते सांगताना जावयांचीच पंचाईत झाली.

त्या प्रदर्शकाचं वय माझ्याएवढंच. सुटे भाग कुठून आणता, म्हणून विचारलं. म्हणाला, दोन बंद पडलेल्यांतून एक चालू होतो, आणि भाग मिळतात हो, ते कुठे बसवायचे हे जाणणारी माणसं संपत चाललीत. म्हणून त्याने शेजारी एका विशी-बाविशीतल्या मुलीला बसवलं होतं. लोकांना माहिती ती देत होती आणि तो मधूनमधून फक्त “हं” म्हणत होता.

मी मात्र त्या सगळ्या टेबलांवर एक मशीन शोधत होतो. एएलपीएम. आपल्यातल्या बँकवाल्यांना आठवेल, ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर ही यंत्रं शाखाशाखांतून आली. संघटनांचा विरोध होता. मीही काळी फीत लावली होती, आणि त्या भीतीला कारण होतं, असं मी आजही म्हणेन. पण यंत्र आलं आणि जून-डिसेंबरच्या व्याजाच्या रात्री संपल्या. त्याआधी बचत खात्याचं व्याज दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळायचं. हाताने हिशेब करणाऱ्यांना तेवढंच झेपत होतं, असं माझं मत. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकीवर मिळू लागलं. म्हणजे यंत्राचा इतिहास हा तुमच्या-आमच्या पासबुकाचाही इतिहास आहे.

ते मशीन तिथे नव्हतंच. असणार कुठून? ते आपलं. आपल्याकडे तरी कुठे आहे? आमच्या शाखेतली यंत्रं मी डोळ्यांदेखत टेम्पोत चढताना पाहिली, किलोच्या भावाने. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संपूर्ण संगणक इथल्या लोकांनी बनवून १९६० साली चालू केला. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. अशांची नावं पुस्तकात येतात तरी. शाखेतल्या टेबलावरच्या यंत्राचं नाव कोण काढणार?

आता घरच्या विषयाकडे येतो. सेक्रेटरीसाहेब, रागावू नका.

सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटावर बुटांच्या खोक्यात ३८ फ्लॉप्या आहेत. आणि पंपरूममध्ये पोत्याखाली आपला पहिला कॉम्प्युटर आहे, सन २००० चा. कमिटीचं सर्क्युलर आलंय की महिनाअखेरीस ई-कचऱ्याची गाडी येणार, तेव्हा हे सगळं द्यायचं. द्यायला माझी ना नाही. पंपरूम म्हणजे काही वस्तुसंग्रहालय नव्हे. पण त्या फ्लॉप्यांत काय आहे ते आठवतंय का? पहिल्या चार वर्षांचे हिशेब आहेत, ते ऑडिट झालेले आहेत, कागदावर आहेत, ते सोडा. ए विंगमधल्या एका सभासदांच्या मुलाने अमेरिकेहून सोनीचा माविका कॅमेरा आणला होता. त्यात फिल्म नसे, फोटो थेट फ्लॉपीवर उतरायचे, एका फ्लॉपीत जेमतेम पंधरा-वीस. आपल्या पहिल्या गणपतींचे फोटो त्यावर काढलेले आहेत. प्रिंट कुणी काढल्या नाहीत, कारण सगळे म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये आहेत ना. मंडप बांधायला जे पुढे असायचे त्यांतले सात जण आज नाहीत. काहींच्या घरी त्यांचा हसताना एकही फोटो नाही.

फ्लॉपी म्हणजे गोल फिल्मवरचा चुंबकीय थर. आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. बुरशी आलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ती जाते आणि ड्राइव्हचं डोकंही खराब होतं. आधी झडप सरकवून उजेडात बघायचं. कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे चुकून त्यावर काही लिहिलं जात नाही. मग आख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल काढायची आणि फायली त्या नकलेतून शोधायच्या. सगळ्या ३८ मिळून साठ एमबीच्या आतच भरतील, कालच्या फॅन्सी ड्रेसचा व्हिडिओ त्याहून मोठा होता.

यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह जावयांनी पाठवला आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता इथेच बसू. सतरंजीवरच्या मंडळींनी जरूर यावं, खटके दाबायला माणसं हवीत. घरी कुणाच्या माळ्यावर जुना कॉम्प्युटर, कॅसेटवाला गेम, काही असेल तर घेऊन या, पण कृपा करून तो घरी प्लगमध्ये घालून बघू नका. त्या काळातल्या बोर्डांवरचे कपॅसिटर पुष्कळदा फुगलेले असतात. आधी उघडून बघू, लागलं तर लॅमिंग्टन रोडहून नवे आणून बदलू. डाग देता येणारं कुणी असेल तर आज जाताना नाव सांगून जा. चहा बी विंगकडून आहे.



ता. क. – स्मरणिका छापायला जाताना: ३८ पैकी २९ फ्लॉप्या वाचता आल्या. २००१ च्या गणपतीची त्यांत नाही. २००२ ची आहे, त्यातले बारा फोटो या अंकाच्या मधल्या पानांवर दिले आहेत. तिसऱ्या फोटोत शिडीवर पाठमोरे कोण उभे आहेत ते ओळखता आलेलं नाही. माहीत असल्यास ऑफिसात कळवावे.