पाळण्यातून पाहिलेला बांध

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला सभासदांपैकीच कोणीतरी चार शब्द बोलावेत, असा आपला रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्याकडे सोपवले. गेल्या सप्टेंबरअखेर आपल्यातल्या अकरा जणी कझाकस्तानातील अल्माटी या शहरी जाऊन आल्या, त्यांत मीही होते. तेव्हा त्या शहरातून डोंगरावर दोरावरच्या पाळण्यातून कसे जातात, ते आज सांगणार आहे. मी काही प्रवासवर्णने लिहिणारी बाई नव्हे. पाहिले ते सांगेन, आणि पाहून जे मनात आले तेही शेवटी आपल्यापुढे ठेवीन.

अल्माटी हे त्या देशातले सर्वांत मोठे शहर. वस्ती वीस लाखांवर. १९९७ पर्यंत राजधानीही हीच होती. 'अल्मा' म्हणजे त्यांच्या भाषेत सफरचंद. आज जगभर जी सफरचंदे खाल्ली जातात, त्यांच्या रानटी पूर्वजांची झाडे याच डोंगरउतारांवर अजून उभी आहेत. शहराच्या दक्षिणेला तियान शान पर्वताची रांग अशी उभी आहे की, रस्त्यात कोठेही उभे राहा, मान वर केली की बर्फाची शिखरे दिसतात. दिशा चुकायची भीतीच नाही. चढ लागला तर दक्षिण, उतार लागला तर उत्तर! आमच्यापैकी ज्यांना पुण्यातल्या पेठांतही वाट सापडत नाही, त्यासुद्धा तेथे दोन दिवसांत धिटाईने हिंडू लागल्या.

त्या शहरात पाळण्याच्या वाटा दोन. एक जुनी, १९६७ सालची. ती भर वस्तीतून निघते, घरांच्या छपरांवरून आणि परसातल्या झाडांवरून जाते आणि कोक-तोबे नावाच्या टेकडीवर सोडते. कोणाच्या दोरीवर काय वाळत घातले आहे, तेसुद्धा वरून दिसते. दुसरी वाट खऱ्या डोंगराची. ती २०११ साली आशियाई हिवाळी खेळांच्या वेळी सुरू झाली. मला सांगायचे आहे ते हिच्याविषयी.

शहरातून १२ क्रमांकाची बस पकडायची. ती वळणे घेत मेदेऊ या ठिकाणी नेते. तेथे समुद्रसपाटीपासून १,६९१ मीटर उंचीवर, उघड्या आकाशाखाली, बर्फावर घसरत धावण्याचे मोठे मैदान आहे. १९७२ मध्ये ते आजच्या रूपात बांधले. तेथे शंभराहून अधिक जागतिक विक्रम झाले, म्हणून त्याला 'विक्रमांचा कारखाना' असे लाडके नाव पडले. या मैदानाशेजारीच पाळण्याचे स्थानक आहे. तेथून शिंबुलाक या हवा खाण्याच्या आणि बर्फावरच्या खेळांच्या ठिकाणी सुमारे साडेचार किलोमीटर अधांतरी जायचे. शिंबुलाक २,२६० मीटरवर. त्याच्याही पुढे दोन टप्पे आहेत. शेवटचा सुमारे ३,२०० मीटरवर, तलगार खिंडीपाशी पोहोचतो.

पाळण्यात बसताना आमच्यातल्या काहींनी देवाचे नाव घेतले, हे खरे. पण त्याची रचना समजली की भीती निम्मी होते. लोखंडी तारांचा पिळलेला एकच जाड दोर खालपासून वरपर्यंत आणि पुन्हा खाली असा अखंड फिरत असतो. कपडे वाळत घालताना आपण दोरीला चिमटे लावतो ना, तसा प्रत्येक पाळण्याच्या डोक्यावर भक्कम चिमटा असतो. स्थानकात आला की चिमटा दोर सोडतो आणि पाळणा रांगत्या मुलासारखा हळूहळू सरकतो. तेवढ्यात आपण शिरायचे. दार मिटले की चिमटा पुन्हा दोर पकडतो, आणि बघता बघता जमीन पायांखालून निघून जाते. आम्ही दोन पाळण्यांत वाटून बसलो.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते. अशा सोयींना नाके मुरडणारी माणसे आपल्यात आहेत. "चालत जाण्यात जी गंमत आहे ती यात नाही," असे ती म्हणतात. असेल. पण ज्यांचे गुडघे सासर, स्वयंपाक आणि जिने यांतच झिजले, त्यांनी डोंगर कधी पाहायचा? रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, वणीच्या सप्तशृंगीला २०१८ पासून रुळांवरची ट्रॉली आहे. त्यांच्यामुळे कितीतरी म्हाताऱ्या माणसांना महाराजांची समाधी आणि देवीचे मुख दिसले. आमच्या अकरांत सातजणी साठीच्या पुढच्या होत्या. पाळणा नसता तर आम्ही मेदेऊला चहा पिऊन परतलो असतो. त्या चहात दूध असते, एवढाच काय तो दिलासा!

पाळणा वर चढू लागला. दोन्ही बाजूंना सूचिपर्णी वृक्षांचे उभे उतार, खाली दगडगोट्यांतून धावणारी लहानशी नदी. इतक्यात खोऱ्याच्या तोंडाशी, आडवी पडलेली टेकडीच म्हणावी, अशी दगडमातीची प्रचंड भिंत दिसली. एका अंगाने तिच्यावर चढत गेलेला पायऱ्यांचा जिना. पायऱ्या ८४२. तरुण मुलेमुली व्यायामासाठी धापा टाकत तो चढत होती. आम्ही सगळ्यांनी हौसेने फोटो काढले. आमच्यातल्या एक बाई मात्र फोटो न काढता काचेला कपाळ लावून खाली पाहत होत्या. त्यांचे माहेर आंबेगाव तालुक्यातले. त्या म्हणाल्या, "अहो ताई, हे धरण म्हणावे तर मागे पाणी कुठे आहे?"

खरोखरच मागे पाणी नव्हते. होते ते रिकामे, खोल खोरे. आमच्याबरोबर वाट दाखवायला तेथलीच एक मुलगी होती, तिला विचारले. ती म्हणाली, "ते पाण्यासाठी नाही. चिखलासाठी आहे." मग वर पोहोचेपर्यंत आणि पोहोचल्यावरही ती सांगत राहिली. ते ऐकून आम्हाला बर्फाची शिखरे थोडा वेळ दिसेनाशी झाली.

गोष्ट अशी आहे. या पर्वताच्या माथ्यावर हिमनद्या आहेत. उन्हाळ्यात बर्फ वितळते आणि त्याचे पाणी हिमनदीने लोटून आणलेल्या दगडगोट्यांच्या बांधामागे साचते. तो बांध कोणी चुन्यासिमेंटने बांधलेला नसतो. एखाद्या दिवशी तो फुटतो. मग नुसते पाणी येत नाही, तर वाटेतले दगड, झाडे, माती सारे घेऊन चिखलाचा लोंढा खाली सुटतो. त्यात घराएवढाल्या शिळा तरंगल्यासारख्या वाहत येतात. जोराच्या पावसानेही असाच लोंढा येतो. १९२१ च्या जुलैत, ८ तारखेच्या रात्री, तो या शहरात शिरला. लोक झोपेत होते. सुमारे ५०० माणसे गेली.

ती आठवण शहर विसरले नाही. पुढे मेदेऊच्या खोऱ्यात बांध घालायचे ठरले, आणि तोही डोंगराचेच कडे सुरुंगाने पाडून. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी उजव्या बाजूच्या कड्यात सुमारे ५,३०० टन स्फोटके उडवली, १४ एप्रिल १९६७ रोजी डाव्या बाजूला सुमारे ३,९०० टन. हे भूकंपाचे शहर. १८८७ च्या भूकंपात ते जवळजवळ सपाट झाले होते. तेथे मुद्दाम जमीन हादरवायची म्हणजे लोकांच्या पोटात गोळा आला नसेल का? पण कडे ठरवल्याप्रमाणे कोसळले आणि खोरे अडले.

सहाच वर्षांनी परीक्षा झाली. १५ जुलै १९७३ रोजी वरच्या तुयुक-सू हिमनदीखालचे तळे फुटले. खोऱ्यात वरच्या अंगाला गोरेलनिक नावाचा सहलीचा तळ होता. तो लोंढ्यात सापडला आणि तेथली माणसे दगावली. खाली मात्र बांधाने लोंढा अडवला. तरीही संकट टळले नव्हते. पाणी जाण्याचे मार्ग चिखलाने बुजले आणि बांधामागे पाणी चढू लागले. रात्रंदिवस पंप आणि नळ्या लावून ते काढावे लागले. त्या मुलीने सांगितले, "आजी तेव्हा तरुण होती. कपड्यांचे आणि कागदपत्रांचे बोचके तिने दाराशी बांधून ठेवले होते. ते सोडायला तिला आठ दिवस धीर झाला नाही." पण शहर वाचले. नंतर बांध वाढवून १५० मीटर उंच केला. त्याच वर्षी चिखलाच्या लोंढ्यांवर नजर ठेवण्यासाठी सरकारने स्वतंत्र खाते उभारले. त्याची माणसे आजही उन्हाळ्यात डोंगरावरची तळी पाहतात आणि धोक्याच्या तळ्यांतले पाणी नळ्यांनी आधीच उतरवतात. तुयुक-सू हिमनदीचे मोजमाप १९५७ पासून चालू आहे. ती वर्षानुवर्षे आक्रसत चालली आहे, म्हणून हे काम संपणारे नव्हे.

शिंबुलाकला उतरलो तेव्हा हवा गार होती. बाकांवर तरुण मंडळी कॉफी पीत बसली होती, मुले पळत होती. आम्ही दशम्या आणि मेतकूट काढले. तेथली बाउरसाक नावाची तळलेली पिठाची बोंडे घेतली, ती आपल्या गोड न केलेल्या गुलगुल्यांसारखी लागतात. पुढच्या टप्प्याने आणखी वर गेलो. वारा सुटल्यामुळे शेवटचा टप्पा बंद ठेवला होता, त्याबद्दल कोणी कुरकूर केली नाही. वारा असताना पाळणा थांबवतात, म्हणूनच तर वारा नसताना त्यात निर्धास्त बसता येते.

दशमी हातात तशीच धरून आंबेगावच्या त्या बाई मला म्हणाल्या, "ताई, माझी आतेबहीण माळीणला दिली होती." एवढेच म्हणाल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माळीण हे नाव आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ३० जुलै २०१४ च्या सकाळी, पावसाच्या झडीत, डोंगराचा कडा त्या गावावर आला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. २०२३ च्या जुलैत रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीवर तशीच रात्र आली. आपल्याकडे हिमनदी नाही, पण चार महिन्यांचा पाऊस आहे, आणि पाण्याने फुगलेली माती हिमनदीइतकीच निष्ठुर असते. थोड्या वेळाने त्या बाई पुन्हा बोलल्या. "त्यांचा डोंगर आपल्याहून मोठा. पण त्याच्याकडे रोज कोणीतरी बघते."

भगिनींनो, मला जे सांगायचे आहे ते या एका वाक्यात आले. मौजेसाठी डोंगराकडे पाहणारे आपण सगळेच आहोत. पावसाळा लागला की धबधबे, भजी आणि फोटो यांसाठी आपल्या बसगाड्या घाटाकडे धावतात. पाहायला सुंदर अशा त्याच उतारांखाली घरे असतात, शाळा असतात. अल्माटीच्या लोकांनी आधी खोऱ्याच्या तोंडाशी बांध घातला, त्यावर पहारा बसवला, आणि मग त्याच्यावरून पाळणे सोडले. डोंगराचा धाक आणि डोंगराचा आनंद, दोन्ही त्यांनी एकाच खोऱ्यात सांभाळले.

तुम्ही म्हणाल, बांध घालणे हे सरकारचे काम, आपल्या भिशीच्या पैशांत काय होणार? बांध होणार नाही, हे मला कबूल आहे. पण पहाऱ्यातला लहानसा वाटा आपल्याला उचलता येईल. त्यासाठी मी मंडळापुढे दोन गोष्टी ठेवते.

पहिली अशी की, पावसाळी सहल ठरवताना आपण फक्त भाडे आणि जेवण विचारतो. यापुढे आणखी विचारावे. उतरायची जागा उताराच्या पायथ्याशी आहे का? वर नुकतेच खोदकाम झाले आहे का? हवामान खात्याचा इशारा काय आहे? इशारा असेल तर सहल पुढे ढकलावी, आगाऊ रक्कम बुडाली तरी चालेल.

दुसरी गोष्ट. घाटातल्या, डोंगरपायथ्याच्या एका शाळेला यंदा मंडळातर्फे पर्जन्यमापक भेट द्यावा. ते साधे नरसाळे आणि मापाचे भांडे असते, खर्च आपल्या आवाक्यातला. रोज सकाळी साडेआठला मुलांनी पाऊस मोजून फळ्यावर लिहावा. एका दिवसात २०४.४ मिलिमीटरहून जास्त पडला तर हवामान खाते त्याला सर्वांत वरच्या पायरीवर घालते, हे त्या मुलांना पाठ असावे. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, या खुणा दिसल्या की वाट न पाहता मोठ्यांना सांगून सुरक्षित जागी जायचे, हेही त्यांना शिकवावे. आंबेगावच्या बाईंनी शाळा शोधण्याचे काम आपण होऊन अंगावर घेतले आहे. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी मंडळात आजवर मागितलेले हे पहिलेच काम आहे.

ज्यांना हे पटत असेल त्यांनी आज घरी जाण्यापूर्वी खजिनदारबाईंकडे आपले नाव नोंदवावे.