मधुमेही व्यक्तीचे दंतारोग्य : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांच्या सीमेला लागून असलेला गोंदिया जिल्हा धानाच्या शेतीसाठी आणि तलावांसाठी ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा आठ तालुक्यांचा जिल्हा अस्तित्वात आला. येथील आरोग्याचा विषय निघाला की हिवताप, सिकलसेल आणि कुपोषण यांची चर्चा प्रथम होते, आणि ती योग्यही आहे. परंतु या जुन्या प्रश्नांच्या जोडीला आता मधुमेह येऊन बसला आहे. हा शहरातील सुखवस्तू लोकांचा आजार आहे, ही समजूत आता मागे पडली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण ११.४ टक्के भरते. त्याखेरीज १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

मधुमेह डोळ्यांवर, मूत्रपिंडांवर आणि पायांवर काय परिणाम करतो, हे आता बऱ्याच लोकांना ठाऊक झाले आहे. पायाची जखम लपवू नये, हेही रुग्णांना सांगितले जाते. मात्र तोंडातील जखमेविषयी फारसे कोणी बोलत नाही. दात घासताना येणारे रक्त, सुजलेली हिरडी, हलणारा दात या गोष्टी वाढत्या वयाच्या खाती जमा केल्या जातात. वस्तुतः मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत हिरडीचा विकार हा मूळ आजाराचाच एक भाग असतो.

दोन विकारांचे दुहेरी नाते

मूळचे नॉर्वेचे ख्यातनाम दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी १९९३ मध्ये हिरड्यांच्या विकाराला मधुमेहाचा सहावा उपद्रव असे संबोधले. डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू व मोठ्या रक्तवाहिन्या यांचे विकार आणि जखम लवकर न भरणे, हे पाच उपद्रव आधीच मान्य झालेले होते. अमेरिकेतील पिमा या आदिवासी समाजात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तेथे झालेल्या अभ्यासात मधुमेही व्यक्तींना हिरड्यांचा गंभीर विकार होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा एक चिकट थर सतत साचत असतो. तो रोज काढला नाही तर कठीण होतो, आणि त्यालाच कीटण म्हणतात. या थरामुळे हिरडी सुजते, दातापासून सुटू लागते आणि तेथे खाच तयार होते. निरोगी तोंडात ही खाच तीन मिलिमीटरपेक्षा खोल नसते. ती खोल गेली की ब्रश तेथे पोहोचत नाही, आणि दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजू लागते. मधुमेहात शरीराची जंतूंशी लढणारी शक्ती मंदावते, हिरडीतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो आणि ऊतींची दुरुस्ती रेंगाळते. त्यातच लाळ कमी झाली तर तोंड कोरडे पडते. लाळ ही दातांची नैसर्गिक संरक्षक आहे, म्हणून ती आटली की कीड वाढते, जिभेवर पांढरी बुरशी दिसू लागते आणि तोंडाची आग होते.

हे झाले एका बाजूचे. दुसरी बाजू अशी की, हिरडीतील दीर्घकालीन सूज इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते आणि रक्तशर्करा आटोक्यात येणे अवघड होते. म्हणजे वाढलेली साखर हिरडी बिघडवते आणि बिघडलेली हिरडी साखर वाढवते. समाधानाची बाब अशी की, हे चक्र उलटेही फिरविता येते. जगभरातील अनेक चाचण्या एकत्र तपासून २०२२ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, हिरड्यांवर योग्य उपचार केल्यानंतर तीन-चार महिन्यांत रुग्णांच्या सरासरी रक्तशर्करेचे मोजमाप, म्हणजे एचबीएवनसी, सुमारे ०.४ टक्क्याने खाली आले. आकडा लहान वाटतो, परंतु मधुमेहाच्या उपचारात तो उपेक्षणीय नाही. अर्थात, यामुळे औषध, आहार व व्यायाम यांची जागा भरून निघत नाही. दातांची निगा ही त्यांची सोबतीण होय.

दात गेले की पथ्य जाते

गोंदियासारख्या भातप्रधान जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. मधुमेही व्यक्तीला भाताचे प्रमाण मर्यादित ठेवून डाळ, उसळ, पालेभाजी, काकडी, मोड आलेली कडधान्ये वाढविण्याचा सल्ला दिला जातो. हा सल्ला पाळण्यासाठी चावता येणारे दात लागतात. दाढा पडलेल्या किंवा हलत असलेल्या माणसाला हरभरा चावत नाही आणि कच्ची भाजी खाववत नाही. मग तो मऊ भात, पातळ वरण, चहात बुडविलेली बिस्किटे किंवा पाव यांच्याकडे वळतो. यांतील भात, बिस्किटे व पाव साखर झपाट्याने वाढवितात. रुग्ण पथ्य पाळत नाही, अशी तक्रार घरातून होते. त्याला पथ्य पाळणेच शक्य राहिलेले नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून मधुमेही व्यक्तीचा प्रत्येक दात वाचविणे म्हणजे तिचे पथ्य वाचविणे होय. ज्यांचे दात गेले आहेत त्यांच्यासाठी कवळी ही चैनीची वस्तू न मानता आहाराचे साधन मानली पाहिजे.

खर्रा, विडी आणि गुडाखू

पूर्व विदर्भात तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेल्या खर्ऱ्याचे व्यसन खोलवर रुजले आहे. तेंदूपानांच्या या प्रदेशात विडीही घरोघरी परिचित आहे. छत्तीसगडात आणि त्याच्या लगतच्या भागात दात घासण्याच्या निमित्ताने गुडाखू हिरड्यांवर चोळण्याची सवय आढळते. तंबाखू व गूळ यांपासून केलेला हा लगदा दात स्वच्छ करतो, हा निव्वळ गैरसमज आहे. त्याने तोंडाला बधिरपणा येतो, म्हणून दुखणे थांबल्यासारखे वाटते. आजार मात्र आत वाढतच राहतो.

विडी ओढणाऱ्यांच्या बाबतीत धोका अधिक फसवा असतो. धुरामुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे विकार असूनही रक्त येत नाही. म्हणजे धोक्याची पहिली सूचनाच मिळत नाही. खर्रा गालात धरून ठेवणाऱ्यांची हिरडी खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. सुपारीमुळे गालाची आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कमी होते. अशा तोंडात ब्रश फिरविणेही कठीण होते, आणि पुढे कर्करोगाचे भय असते ते वेगळेच. मधुमेह आणि तंबाखू ही हिरड्यांच्या दृष्टीने सर्वांत घातक जोडी आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. या तरतुदी गावात प्रत्यक्षात उतरविणे हे शाळा आणि ग्रामपंचायत यांच्या हाती आहे.

रोजची निगा

मधुमेही व्यक्तीने दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, दात घासावेत. यातील रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी झरते. ब्रश मऊ असावा आणि टूथपेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. ब्रश हिरडी व दात यांच्या सांध्यावर तिरपा धरून हलक्या हाताने, निदान दोन मिनिटे, सर्व दातांवर आतून व बाहेरून फिरवावा. ब्रशचे केस वाकले की, अथवा तीन महिन्यांनी, तो बदलावा. जीभही रोज स्वच्छ करावी. प्रत्येक खाण्यानंतर पाण्याने खळखळून चूळ भरावी. दातांच्या फटीत अडकलेले भाताचे कण दोऱ्याने किंवा त्यासाठी मिळणाऱ्या लहान ब्रशने काढावेत. टाचणी, पिन किंवा काडी टोचू नये, कारण त्या बारीक जखमेतूनही पू होऊ शकतो.

राख, कोळसा, विटेची पूड व जाडेभरडे मंजन यांनी दातांचे आवरण झिजते. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या दातवणाची सवय असेल तर काडीचे टोक चावून मऊ करावे आणि हिरडी खरचटणार नाही अशा बेताने फिरवावे. मात्र ते दातांच्या फटींत पोहोचत नाही, हे लक्षात ठेवून रात्री ब्रश व पेस्ट वापरणे श्रेयस्कर.

रक्त येते म्हणून पुष्कळ लोक त्या जागी घासणे सोडून देतात. ही मोठीच चूक होय. रक्त येते ते तेथे घाण साचली आहे म्हणून. हलक्या हाताने नियमित स्वच्छता केल्यास सौम्य सूज सामान्यतः एक-दोन आठवड्यांत ओसरते. न ओसरल्यास दंतवैद्यांना दाखवावे. तोंड कोरडे पडत असल्यास गोळ्या-चॉकलेटे न चघळता पाण्याचे घोट घ्यावेत. कवळी असल्यास ती रोज घासून धुवावी आणि रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी.

दंतवैद्यांकडे जाताना

मधुमेही व्यक्तीने दुखणे नसतानाही वर्षातून निदान दोनदा दात तपासून घ्यावेत, कारण हिरडीचा विकार बहुधा न दुखता वाढतो. जाताना मधुमेह असल्याचे आवर्जून सांगावे, चालू औषधांची चिठ्ठी व अलीकडचा रक्ततपासणीचा अहवाल जवळ ठेवावा. दात काढावयाचा असेल तरी डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज उपाशी जाऊ नये. औषध किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळले तर साखर एकाएकी खाली जाते. घाम, थरथर, घाबरेपणा, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसताच शुद्धीवर असलेल्या रुग्णाला साखर किंवा साखरेचे पाणी लगेच द्यावे. त्या क्षणी दातांचा विचार करू नये, चूळ नंतर भरता येते. शक्यतो सकाळी, न्याहारी व नेहमीचे औषध घेऊन जाणे सोयीचे.

साखर फार वाढलेली असताना दात काढण्याचा निर्णय डॉक्टर काही काळ लांबवू शकतात. परंतु चेहऱ्यावर सूज, ताप, पू, गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होत असेल तर साखर उतरण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. हलणारा दात घरी ओढून काढू नये.

दात साफ करून घेतल्याने ते हलू लागतात, असा समज खेड्यापाड्यांत आहे. खरे पाहता दात आधीच सैल झालेले असतात. कीटणाच्या पापुद्र्याने ते जखडल्यासारखे वाटतात, एवढेच. तो निघाल्यावर सूज उतरते, आणि हिरडीला पुन्हा दात धरण्याची संधी मिळते.

गावाने काय करावे

गोंदिया येथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून विदर्भाची सेवा करीत आहे. तथापि देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील वनालगतच्या गावातून अशा ठिकाणी जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडविणे होय. धानाच्या रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत तर कोणी त्यासाठी घराबाहेर पडत नाही. म्हणून दातांची गोष्ट गावातच, दुखणे सुरू होण्यापूर्वी, निघाली पाहिजे.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह, रक्तदाब व तोंडाचा कर्करोग यांसाठी तपासणी करण्याचा कार्यक्रम चालू आहे, आणि आशा कार्यकर्त्या घरोघरी जातातच. त्याच भेटीत मधुमेही व्यक्तीला तीन प्रश्न विचारावेत. दात घासताना रक्त येते काय? एखादा दात हलतो काय? चावता न आल्यामुळे कोणते अन्न सोडावे लागले आहे? यांतील एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर त्या व्यक्तीस दंतवैद्यांकडे पाठवावे. याच्या उलट, हिरड्या वारंवार सुजणाऱ्या किंवा दात अकाली हलू लागलेल्या प्रौढाची रक्तशर्करा तपासून घ्यावी. क्षयरोग्याची मधुमेहासाठी तपासणी करण्याची पद्धत आरोग्यसेवेत स्वीकारली गेली आहे. तोच न्याय हिरड्यांच्या रुग्णालाही लावता येईल. कित्येकदा मधुमेहाची पहिली खूण तोंडातच दिसते.

ग्रामपंचायतीची ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती हा विषय आपल्या बैठकीत घेऊ शकते. शेतीच्या कामांतून उसंत असेल असा दिवस निवडून, रक्तशर्करेची व दातांची तपासणी एकाच शिबिरात आणि एकाच कागदावर व्हावी, एवढा आग्रह धरला तरी पुष्कळ साधेल. शिबिरानंतर कोण प्रत्यक्ष उपचारासाठी गेले, याची नोंद ठेवणे तितकेच महत्त्वाचे. शिक्षकांनी मुलांना दात घासण्याची योग्य रीत शिकवावी, आणि घरातील आजी-आजोबांना ती दाखविण्यास सांगावे. वडीलधारी माणसे इतरांचा उपदेश टाळतील, पण नातवाचा आग्रह सहसा मोडत नाहीत.

मधुमेह आयुष्यभराची सोबत करतो. त्याच्यासह दीर्घकाळ व समाधानाने जगता येते, मात्र त्यासाठी रोजचे लहान नियम पाळावे लागतात. पायांकडे रोज पाहावे, हा त्यांतील एक नियम गावागावांत पोहोचला आहे. तोंडाकडेही रोज पाहावे, हा दुसरा नियम त्याच्या जोडीला पोहोचविण्याचे काम शिक्षक, पंचायत सदस्य आणि आरोग्य कर्मचारी यांनी मनावर घेतले, तर जिल्ह्यातील अनेक ज्येष्ठांना आपल्या ताटातील अन्न अखेरपर्यंत स्वतःच्या दातांनी चावून खाता येईल.