हिमप्रदेशातील सहल : पूर्वतयारी व पथ्ये
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाची लिखित प्रत)



आपल्या तरुण विभागाने येत्या हिवाळ्यात काश्मिरातील गुलमर्ग येथे स्कीइंगची, म्हणजे पायांना लांब पट्ट्या जोडून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या खेळाची, सहल योजिली आहे. तिच्या पूर्वतयारीविषयी आम्ही चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही गुलमर्ग पाहून आलो आहोत, एवढीच आमची पात्रता. परंतु तेथे जाऊन आम्ही बर्फावाचून परत आलो, ही गोष्ट चिटणीसांस ठाऊक नसावी. ती आज सर्वांसमक्ष सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सन २०२४ च्या जानेवारीत आमच्या चार बिऱ्हाडांतील अकरा माणसे गुलमर्गला निघाली. बेत आम्ही आखला, तारखा आम्ही ठरविल्या, पैसाही आमच्याच हाती जमा झाला. आमच्या आक्काने पेन्शनीतून शिल्लक टाकलेली रक्कम नातवाला हा खेळ शिकता यावा म्हणून दिली होती. आमचा पुतण्या भीतभीत म्हणाला, "काका, तारखा फेब्रुवारीत ढकलू. यंदा तिकडे अजून बर्फ पडलेले नाही. तिथल्या माणसांना विचारून तरी पाहू." आम्ही उत्तर दिले, "डोंगर आम्हांस शिकवू नकोस. कळसूबाई आम्ही अकरा वेळा चढलो आहोत." तेथेच विषय संपला. ज्या घरात मास्तरांचा शब्द मोडण्याची चाल नाही, त्या घरात मास्तरांची चूकही कोणी दुरुस्त करीत नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा गुलमर्गचे विस्तीर्ण मैदान वाळलेल्या गवताने तपकिरी दिसत होते. त्या वर्षी काश्मिरात जानेवारीचा बहुतेक काळ कोरडा गेला. भाड्याने द्यावयाच्या पट्ट्या दुकानांतून भिंतीला टेकून उभ्या होत्या. आक्का त्या गवताकडे पाहत बाकावर बसून राहिली. खोल्यांचे पैसे परत मिळणार नव्हते. महिनाअखेरीस तेथे भरघोस हिमवृष्टी झाली, तेव्हा आम्ही घरी येऊन बराच काळ लोटला होता. पुतण्याने वर्तमानपत्रातील छायाचित्र आमच्यापुढे ठेवले आणि तो काही न बोलता निघून गेला.

यातून पहिले पथ्य निघते. काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग मानतात : २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची चिल्लई कलां, पुढे वीस दिवसांची चिल्लई खुर्द आणि अखेरच्या दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. थंडी पहिल्या भागात सर्वांत कडक असते. परंतु थंडी आहे म्हणून बर्फ असेलच असे नाही. बर्फ आणतात ते पश्चिमेकडून येणारे वादळी वारे, आणि ते कोणाचे वेळापत्रक पाळीत नाहीत. सन २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला व्हावयाच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धासुद्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये भरल्या. जेथे शासनाचा बेत बदलतो तेथे आपला काय पाड? म्हणून खोल्या ठरविताना तारखा बदलण्याची मुभा लेखी घ्यावी. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात तेथील प्रशिक्षकास विचारावे आणि त्याने "थांबा" म्हटल्यास थांबावे.

दुसरे पथ्य उंचीचे. कळसूबाई हे आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १६४६ मीटर. गुलमर्गचे मैदानच सुमारे २६५० मीटरवर आहे. म्हणजे आपला डोंगर जेथे संपतो, त्याहून एक हजार मीटर वर तेथील सपाटी सुरू होते. त्या सपाटीवरून दोन टप्प्यांचा रज्जुमार्ग निघतो. त्यास तेथे गोंडोला म्हणतात. पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत जातो, दुसरा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, जवळजवळ ३९५० मीटरवर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने तीन-पंचमांशाच्या आसपास उरतो.

आम्ही मुंबईहून निघालो त्याच्या दुसऱ्या सकाळी, तिकिटे काढली आहेत तेव्हा वर गेलेच पाहिजे, असा हट्ट धरून सर्वांना शेवटच्या टप्प्यापर्यंत नेले. तेथे आमच्या धाकट्या बंधूंचे डोके ठणकू लागले, धाप लागली, बोलणे असंबद्ध झाले. आम्ही म्हणालो, "थोडा बस, बरे वाटेल." जवळ उभ्या असलेल्या एका काश्मिरी वाटाड्याने आमचे ऐकले नाही. "बसवू नका, खाली न्या," असे म्हणून तो स्वतः बंधूंना हात देऊन निघाला. खाली आल्यावर तासाभरात त्यांस उतार पडला. अशा विकारावर खाली उतरणे हाच पहिला इलाज होय, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणून पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा, पाणी पीत राहावे, आणि रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी घरूनच वैद्यकीय सल्ला घेऊन निघावे.

तिसरे पथ्य उताराचे. मैदानालगतचे सौम्य उतार नवशिक्यांसाठी आहेत. अफरवटचे उतार कसलेल्यांसाठी असून तेथे हिमस्खलनाचे भय असते. ताज्या बर्फाचा थर जुन्या थरावर नीट बसलेला नसला, तर माणसाच्या भारानेही तो सुटतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तेथे दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एका रशियन स्कीपटूचा अंत झाला. ही माणसे बर्फाच्या देशांतून आलेली होती. आपल्या मुलांनी आखून दिलेल्या उताराबाहेर पाऊल टाकू नये.

शिकण्याची सोय मात्र उत्तम आहे. भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था तेथे सन १९६८ पासून आहे, आणि प्रशिक्षकही मिळतात. या खेळात अगदी आरंभी थांबावे कसे, हे शिकवितात. पट्ट्यांची टोके जवळ आणि मागील बाजू फाकवून नांगराच्या फाळासारखा आकार केला की वेग कमी होतो. हे साधण्यातच पहिले एकदोन दिवस जातात, म्हणून तीन दिवसांच्या सहलीत हा खेळ शिकून होईल, अशी आशा कोणी धरू नये. पट्ट्या व बूट तेथे भाड्याने मिळतात. बूट स्वतः घालून, पुढे वाकून, टाच उचलली जात नाही ना हे पाहूनच घ्यावेत.

कपडे सुती नकोत. सुती कापड घामाने वा बर्फाने भिजले की वाळत नाही आणि अंग गारठविते. अंगालगत लोकर किंवा तत्सम कपडा, वर उबदार थर, सर्वांवर पाणी न शिरणारा अंगरखा, अशी रीत ठेवावी. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळ्यांस इजा होते, म्हणून काळा चष्मा हवाच. आणखी एक गोष्ट मातांनी ध्यानात धरावी : बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा कांगडी पेटती ठेवून कधीही निजू नये. तिच्या विषारी वायूस वास नसतो.

प्रवासाचेही तेच सूत्र. टंगमर्गपासून गुलमर्गचा १३ किलोमीटरचा घाट बर्फात चाकांना साखळ्या लावल्यावाचून चढता येत नाही. श्रीनगरचे विमान धुक्याने रद्द होते, जम्मूचा हमरस्ता दरडींनी अडतो. ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर या रेल्वेसेवेचे उद्घाटन झाले, त्यामुळे आणखी एक वाट मोकळी झाली आहे. तरीही परतीच्या बाजूस दोन दिवस हाती राखावेत. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ झालेल्या हल्ल्यात आपल्या राज्यातील सहा जणांचे प्राण गेले, आणि त्यानंतर खोऱ्यातील अनेक स्थळे काही काळ बंद होती. या गोष्टीचा विसर न पडू देता शासनाच्या त्या त्या वेळच्या सूचना पाहूनच पाऊल उचलावे.

आता शेवटची विनंती. तरुण विभागाने या सहलीचे नेतृत्व आम्ही करावे, असा आग्रह धरला आहे. त्यांच्या प्रेमाबद्दल आम्ही ऋणी आहोत, परंतु हा मान आम्ही घेणार नाही. ज्याने दोन वर्षांपूर्वी विचारून पाहू असे म्हटले होते आणि ज्यास आम्ही गप्प बसविले, तो आमचा पुतण्या आज समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. सहल त्याच्या हाती द्यावी. प्रत्येक पालकाकडून एक लेखी संमतीही घ्यावी : नेत्याने कोणत्याही क्षणी माघारी फिरण्याचे ठरविले, तर झालेल्या खर्चाबद्दल कोणी ब्र काढणार नाही. माघारी फिरल्यास आपणास बोल लागेल, ही धास्ती मनात असलेला नेता मुलांना संकटात नेतो, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

आक्कांनी या वर्षीही नातवासाठी पैसे दिले आहेत. या खेपेस ते त्यांनी आमच्या हाती दिले नाहीत, थेट पुतण्याच्या हाती दिले. आम्हांस त्याचा राग आला नाही.