सातासमुद्रापलीकडून येणारे आई-बाप
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला बोलण्यासाठी 'दत्तक' हा विषय दिला. विषय मोठा आहे. त्यातल्या एकाच भागावर आज बोलणार आहे. ज्या मुलांना आपल्या देशात कोणी घेत नाही, त्यांच्यासाठी परदेशातून आई-बाप इथे येतात आणि त्यांना आपल्या घरी घेऊन जातात. हे का होतं, कसं होतं आणि यात आपण कुठे आहोत, एवढंच सांगायचं आहे.

आधी एक खरी हकिकत ऐका. १९७८ च्या अखेरीस मुंबईत वर्षाच्या आतल्या एका मुलीला पोलिओ झाला. कंबरेखाली दोन्ही पाय लुळे पडले. जन्मदात्या आईला तिचं करणं झेपेना, तिने मुलीला मुंबईतल्या एका अनाथालयात ठेवलं. मुलगी तीन वर्षांची झाल्यावर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहराच्या एका कुटुंबाने तिला दत्तक घेतलं. तिच्या कंबरेवर, पायांवर, पाठीवर शस्त्रक्रिया झाल्या. पायाला पट्टे बांधून, कुबड्या घेऊन ती उभी राहिली, चालू लागली. तिचं नाव मिंडा डेंटलर. हवाई बेटावर 'आयर्नमॅन' नावाची जागतिक स्पर्धा होते. समुद्रात जवळजवळ पावणेचार किलोमीटर पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल, मग ४२ किलोमीटर धावायचं, आणि हे सगळं सतरा तासांच्या आत. मिंडाने हाताने चालवायच्या सायकलीवर आणि चाकाच्या खुर्चीवर बसून २०१३ साली ती स्पर्धा पुरी केली. तशा रीतीने ती पुरी करणारी जगातली ती पहिली महिला.

आता कोणी म्हणेल, ती अमेरिकेत गेली म्हणून झालं. थोडं खरं आहे. पण आपल्याच महाराष्ट्रातली माला पापळकर बघा. जन्मापासून दृष्टी नाही. तान्ही असताना जळगावच्या रेल्वे स्टेशनवर कचऱ्याच्या डब्यात सापडली. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी तिला वाढवलं, स्वतःचं आडनाव दिलं, शिकवलं. २०२४ साली ती लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा पास झाली. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे पाणी अमेरिकेचं की वऱ्हाडाचं हा प्रश्न नाही. 'हे लेकरू माझं' असं म्हणणारं कोणी भेटलं की नाही, हा प्रश्न आहे.

परदेशी माणसाला इथलं मूल घ्यायचं तर काय करावं लागतं, तेही समजून घ्या. पूर्वी यात फार गोंधळ होता. मुलांचा व्यापार होतो अशा तक्रारी होत्या. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यावरून न्यायमूर्ती भगवती यांनी १९८४ साली निकाल देऊन नियम घालून दिले. आधी मुलाला त्याच्या देशात घर शोधा, नाही मिळालं तरच परदेशाचा विचार करा, हे तत्त्व तिथून पक्कं झालं. १९९० मध्ये दिल्लीत 'कारा' ही केंद्रीय दत्तक संस्था उभी राहिली. १९९३ च्या हेगच्या आंतरराष्ट्रीय करारावर २००३ साली भारताने मान्यतेची मोहोर उठवली.

आज परदेशातलं जोडपं आधी आपल्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेकडे जातं. ती संस्था त्यांच्या घरी येऊन चौकशी करते. पगार किती, प्रकृती कशी, पोलिसांत काही नोंद आहे का, घरातली आधीची मुलं काय म्हणतात, सगळं कागदावर येतं. मग नाव काराच्या यादीत जातं. मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल त्यांना पाठवला जातो. त्यांनी होकार दिला की काराचं ना-हरकत पत्र, मग दत्तकाचा आदेश. हा आदेश पूर्वी कोर्ट देत असे, २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. नंतर मुलाचा पासपोर्ट, त्या देशाचा व्हिसा. आणि मुलाला न्यायला आई-बापांनी इथे यायचं. घरी गेल्यावरही सुटका नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलाच्या प्रगतीचा अहवाल पाठवावा लागतो.

आणि हे कोणत्या मुलांसाठी? धडधाकट तान्ह्या बाळासाठी आपल्याच देशात मोठी रांग आहे. आपल्या माणसांना तीन-तीन वर्षांहून अधिक वाट बघावी लागते. परदेशी दांपत्यांकडे जातात ती बहुतेक विशेष गरजा असलेली मुलं, नाहीतर वयाने मोठी झालेली, नाहीतर एकत्रच राहायला हवीत अशी भावंडं. म्हणजे आपण ज्यांची फाइल वाचून बाजूला ठेवली ती. विचार करा, सहा वर्षांचं पोर, त्याला फक्त मराठी येतं. भूक लागली, दुखलं, भीती वाटली, सगळं मराठीत. ते पोर ज्यांची भाषा कळत नाही त्यांचा हात धरून विमानात बसतं. ते आई-बाप चांगलेच आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या पोराची भाषा बोलणारी लाखो घरं मागे राहतात, याचंही वाईट वाटलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट. हा परदेशाचा दरवाजाही आता अरुंद होत चालला आहे. चीनने २०२४ साली आपली मुलं परदेशी दत्तक देणं जवळजवळ बंद केलं. नेदरलँड्सने परदेशातून मुलं आणणं थांबवण्याचा निर्णय त्याच वर्षी घेतला, कारण जुन्या प्रकरणांत खोटी कागदपत्रं आणि फसवणूक उघडकीला आली. आपल्याकडे २०२४-२५ मध्ये ४,५१५ मुलांना दत्तक घरं मिळाली. त्यांतली ४,१५५ देशातच राहिली. ही आनंदाची बातमी आहे. पण देशातली ही घरं बहुतेक करून निरोगी बाळांना मिळतात. परदेशी माणसं यायची कमी झाली, तर मागे राहणाऱ्या मुलांचं कोण? म्हणून हा विषय आपल्या वस्तीत आणला.

आता महिला मंडळाच्या भगिनींनी कागदावर लिहून दिलेल्या तीन प्रश्नांकडे वळतो.

पहिला प्रश्न: 'दादा, आमचा पगार केवढा, असल्या मुलाचा दवाखाना कसा परवडायचा?' रास्त प्रश्न आहे. पण 'विशेष गरजा' म्हणजे प्रत्येक वेळी जन्मभराचं अंथरूण नव्हे. त्या यादीत फाटलेला ओठ असतो, तो शस्त्रक्रियेने शिवता येतो. वाकडं पाऊल असतं, तान्हेपणीच आठवड्या-आठवड्याला प्लास्टर बदलत गेलं तर बहुतेकांचं सरळ होतं. हृदयाला छिद्र असतं, कमी ऐकू येत असतं. २०१३ पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात अशा अनेक दोषांवर मोफत उपचार होतात. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता अशा मुलांसाठी 'निरामय' विमा आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र तर इथे खारघरलाच आहे. आणि मुलाचा वैद्यकीय अहवाल आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवून मग होकार-नकार देण्याची मुभा नियमातच आहे. डोळे मिटून काही करायचं नाही.

दुसरा प्रश्न: 'आम्ही गेल्यावर त्याचं कोण?' हा प्रश्न प्रत्येक आईच्या पोटातला आहे, पोटच्या दिव्यांग मुलाच्या आईच्याही. जे मूल मोठं होऊन स्वतःचं बघू शकणार नाही, त्याच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. अठरा वर्षांनंतरही अशा व्यक्तीला कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती तो नेमते. आता उलट बाजूने विचार करा. बालगृहातल्या मुलाला अठरा वर्षं पुरी झाली की बालगृह सुटतं. त्याला आज कोण आहे? तुमच्यानंतरची काळजी तुम्ही करता, त्याची तर आजचीच कोणी करत नाही.

तिसरा प्रश्न कोणी सही न करता लिहिला आहे: 'कुणाचं रक्त, कुठली जात, लोक काय म्हणतील?' बंधू-भगिनींनो, हा प्रश्न या विहारात यावा याचं मला नवल वाटलं, पण आला ते बरं झालं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. काशीबाई नावाच्या विधवा ब्राह्मण बाईचं मूल त्यांनी १८७४ मध्ये आपलं म्हणून घेतलं. त्याचं नाव यशवंत. तो डॉक्टर झाला, १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा केली. त्याच सेवेत सावित्रीबाई गेल्या. त्या काळी लोकांनी काय म्हटलं असेल? जोतीरावांनी ऐकलं नाही.

आणि कायद्याचं बघा. जुन्या धर्मशास्त्रात दत्तक घ्यायचा तो मुलगाच, तोही सर्वसाधारणपणे आपल्याच जातीतला, आणि त्याला देणारे आई-बाप हयात हवेत. म्हणजे अनाथ मूल दत्तक जाऊच शकत नव्हतं! बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात दत्तकाचाही विषय घेतला होता. बिल अडवलं गेलं, म्हणून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढे त्या बिलाचे तुकडे होऊन वेगवेगळे कायदे झाले. त्यांतला दत्तकाचा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी आला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर पंधराव्या दिवशी. तो बौद्धांनाही लागू आहे. मुलगी दत्तक घेता येऊ लागली, जातीची अट गेली. १९६२ च्या दुरुस्तीने टाकून दिलेल्या मुलांनाही वाट मिळाली. पुढे बाल न्याय कायद्याने, आधी २००० च्या आणि आता २०१५ च्या, कोणत्याही धर्माच्या माणसाला अनाथ मूल घेता येतं. बाबासाहेबांनी ज्यासाठी खुर्ची सोडली, त्या हक्काचा आपण उपयोग करत नाही आणि वर जात विचारतो, हे शोभत नाही.

तरीही एक सावधगिरी सांगतो. दया आली म्हणून मूल घेऊ नका. पुण्य लागेल, पेपरात फोटो येईल म्हणून तर मुळीच नको. मोठ्या वयाचं मूल पहिले काही महिने हट्ट करतं, वस्तू लपवतं, रात्री दचकून उठतं. त्याला आधी कोणीतरी सोडलेलं असतं, तुम्हीही सोडाल का हे ते तपासत असतं. घरातल्या सर्वांची तयारी नसेल तर थांबा. एकदा आलेलं मूल परत पाठवणं हा त्याच्यावरचा दुसरा घाव आहे.

ज्यांना जमणार नाही त्यांनीही करण्यासारखं आहे. आपल्या वस्तीत कोणा बाईला मूल सांभाळणं अशक्य झालं असेल, तर तिला शिव्या न देता बालकल्याण समितीचा रस्ता दाखवा. दवाखान्यातून, ओळखीतून परस्पर मूल देऊ-घेऊ नका, तो गुन्हा आहे. आणि शेजारी कोणी असं मूल घरी आणलं तर 'बिचारं' म्हणू नका. आपल्या पोरांबरोबर त्याला खेळायला घ्या, वाढदिवसाला बोलवा, विहाराच्या संस्कारवर्गात पुढे बसवा.

ज्यांना विचार करावासा वाटतो, त्यांनी काराच्या यादीत नाव नोंदवावं. नोंदणी थेट होते, मध्ये दलाल लागत नाही. ज्यांना आधीच दोन मुलं आहेत, त्यांनाही विशेष गरजा असलेलं मूल घेता येतं. एकटी बाईही घेऊ शकते. अर्ज भरायला, कागद जमवायला मदत हवी असेल तर दर रविवारी वंदनेनंतर समितीच्या तरुणांना भेटा, ते बसवून भरून देतील. या वर्षात आपल्या वस्तीतून एका घराने जरी नाव नोंदवलं, तरी एका मुलाचं पासपोर्टाचं काम वाचलं असं मी समजेन.

 जयभीम.