स्मरण, श्रम आणि दान

नाशिक हे जसे तीर्थक्षेत्र आहे, तसेच ते स्मरणाचेही क्षेत्र आहे. गोदावरीच्या रामकुंडावर आईच्या अथवा वडिलांच्या अस्थी घेऊन दूरदूरचे लोक येतात. मंत्र, पिंड आणि तर्पण यांच्या जोडीला तेथे दानालाही स्थान आहे. गेलेल्या माणसास आता काही देता येत नाही. म्हणून त्याच्या नावाने जिवंत माणसास द्यावयाचे, हा त्या दानामागील भाव होय. गावोगावच्या धर्मशाळांवर आणि शाळांतील पारितोषिकांवर ‘यांच्या स्मरणार्थ’ ही अक्षरे आढळतात, त्यांचे मूळही याच भावात आहे.

अलीकडे या स्मरणाने एक नवे रूप धारण केले आहे. मातापित्यांपैकी कोणी निवर्तले, की मुलगा अथवा मुलगी त्यांच्या नावाने शेकडो मैलांचा सायकलप्रवास करण्याचे योजते, आणि त्या निमित्ताने आप्तेष्टांकडून एखाद्या लोकोपयोगी कार्यासाठी निधी गोळा करते. जुन्या वळणाच्या मनाला येथे सहजच शंका येते. पैसे द्यावयाचे तर ते घरी बसून द्यावेत. त्यासाठी पाय शिणविण्याचे प्रयोजन काय?

या शंकेचे उत्तर नाशिकपासून फार दूर शोधावयास नको. त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी पंढरीस पायी जाते. आगगाडी असताना हे लोक चालतात का, असे वारकऱ्यांना कोणी विचारीत नाही. श्रमावाचून भक्तीची खूण पटत नाही, हे मराठी मनाला उपजतच ठाऊक आहे. नाशिकचे सायकलस्वार आषाढीच्या सुमारास पंढरपूरची वारी सायकलीवरून करू लागले, तेव्हा तीही लोकांना परकी वाटली नाही. मागणाऱ्याने स्वतः काही सोसले आहे असे दिसले, की देणाऱ्याचा हातही सैल होतो.

लोकसेवेशी जोडलेल्या अशा प्रवासाचे ठळक उदाहरण नाशिकच्याच दोन बंधूंनी घालून दिले आहे. डॉ. हितेंद्र महाजन हे भूलतज्ज्ञ, तर डॉ. महेंद्र महाजन हे दंतवैद्य. २०१५ सालच्या जून महिन्यात या दोघांनी अमेरिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पुरी केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. मुदत नऊ दिवसांची. एकाने सायकल चालवावी, दुसऱ्याने तेवढ्या वेळात मोटारीत विसावा घ्यावा, आणि घड्याळ मात्र अहोरात्र चालू राहावे, अशी या शर्यतीची रीत आहे. वाळवंटातील उष्मा आणि रॉकी पर्वताचे चढ पार करून त्यांनी ८ दिवस, १४ तास आणि ५५ मिनिटांत अंतिम रेषा गाठली. सर्व विश्रांती आणि थांबे धरूनही हा वेग ताशी सुमारे २३ किलोमीटर पडतो. भारतीय संघाने ही शर्यत पुरी करण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांच्या संघाचे नाव होते ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’. आदिवासींच्या नेत्रसेवेस साह्य व्हावे, हा हेतू त्या नावातच सांगितलेला होता.

या हेतूचे मोल नाशिक जिल्ह्यात विशेष आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांत आदिवासींची वस्ती मोठी आहे. भारतातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू. आणि तो तर लहानशा शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगा. अडचण असते ती वृद्ध माणसास पाड्यावरून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत आणण्याची. येथे थोडे द्रव्य आणि थोडी माणसे पुष्कळ काम करून जातात.

मात्र अशा प्रवासास एक धोका संभवतो. सोबतीची मोटार, मदतनीस, मुक्काम, छायाचित्रे यांचा खर्च वाढत जातो, आणि जमलेल्या निधीचा बराच भाग रस्त्यातच खर्ची पडतो. श्राद्धाच्या पंक्तीचा थाट वाढावा आणि दारचा याचक उपाशी परतावा, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा जो कोणी आईवडिलांच्या नावाने निघेल, त्याने प्रवासाचा खर्च स्वतः सोसावा. निधीचा हिशेब निराळा ठेवावा. आणि तो कोणत्या कामी, कोणाच्या हातून लागावयाचा, हे निघण्यापूर्वीच सांगून टाकावे. परतल्यावर किती मैल झाले हे जितक्या उत्साहाने सांगितले जाते, तितक्याच उत्साहाने किती रुपये पोहोचले हेही सांगितले पाहिजे.

एवढे पथ्य पाळले, तर या नव्या रीतीचे रामकुंडावरील जुन्या रीतीशी काहीच वाकडे नाही. पाड्यावरील एखादी वृद्धा डोळ्यांवरची पट्टी सुटताच आपल्या नातवंडाचे तोंड पाहील. कोणाच्या वडिलांच्या नावाने तिला ही दृष्टी लाभली, हे तिला ठाऊक असेल वा नसेल. त्या वडिलांचे तर्पण मात्र तेथे झालेले असेल.