डेव्ही क्रॉकेट : जंगलातून संसदेत

अमेरिकेतल्या आजच्या टेनेसी राज्यात १७८६ साली एका गरीब घरात डेव्ही क्रॉकेट यांचा जन्म झाला. शिक्षण जेमतेम, पण शिकारीत हातखंडा. १८२१ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले, १८२७ मध्ये देशाच्या प्रतिनिधिगृहात. जंगल तोडून शेती करणाऱ्या गरिबांना जमिनीचा हक्क मिळावा, हा त्यांचा ध्यास. १८३० मध्ये मूलनिवासींना त्यांच्या भूमीवरून हटवणारं विधेयक आलं. ते पुढे रेटणारे राष्ट्राध्यक्ष जॅक्सन टेनेसीचेच, तरीही क्रॉकेट यांनी विरोधात मत दिलं. पुढची निवडणूक ते हरले, १८३३ मध्ये पुन्हा जिंकले. १८३५ च्या पराभवानंतर ते टेक्सासला गेले आणि ६ मार्च १८३६ रोजी तिथल्या अलामोच्या लढाईत मरण पावले. सत्तेपुढे न झुकलेलं ते एक मत, हीच त्यांची खरी थोरवी.